‘नो नेम’ : वारशाची कथा आणि लेखकाची माघार

विल्की कॉलिन्स हें नांव आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्यांस बहुधा ‘द वूमन इन व्हाइट’ (१८६०) आणि ‘द मूनस्टोन’ (१८६८) या दोन कादंबऱ्यांमुळें परिचित असतें. या दोहोंच्या मधल्या काळांत त्यानें ‘नो नेम’ लिहिली. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकांत १८६२-६३ सालीं ती क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या दोन कादंबऱ्या ज्यांना आवडल्या, ते मोठ्या आशेनें हीही हातीं घेतात, आणि पुष्कळदां खट्टू होऊन खालीं ठेवतात. माझाही अनुभव तोच आहे. परंतु टाकाऊ पुस्तक कधीं मनाला लागत नाहीं. जें थोर होऊं शकलें असतें आणि झालें नाहीं, तेंच लागतें. म्हणूनच या कादंबरीची थोडी चिकित्सा करावीशी वाटते.

कथेचा पाया एका कौटुंबिक मिळकतीचा आहे. अँड्र्यू व्हॅनस्टोन हा सॉमरसेट परगण्यांतील सुखवस्तु गृहस्थ. त्याची पत्नी, नोरा व मॅग्डालेन या दोन मुली, आणि मिस गार्थ ही घरचीच होऊन गेलेली शिक्षिका, असें हें हंसतें-खेळतें कुटुंब. एके दिवशीं आगगाडीच्या अपघातांत व्हॅनस्टोन मरतो. त्या धक्क्यानें खचलेली पत्नी प्रसूत होऊन थोड्याच अवकाशांत त्याच्या मागोमाग जाते. मग वकील पेंड्रिल येऊन मुलींच्या शिक्षिकेला खरी हकीकत सांगतो. व्हॅनस्टोननें तरुणपणीं कॅनडांत एका स्त्रीशीं लग्न केलें होतें व ती जिवंत होती. म्हणून मुलींची आई इतकीं वर्षें केवळ लोकांच्या दृष्टीनें पत्नी होती. पहिली पत्नी मेल्याची वार्ता येतांच दोघांनीं गुपचूप लंडनला जाऊन विधिपूर्वक विवाह केला. आणि येथेंच घात झाला. १८३७ च्या इंग्लिश कायद्याप्रमाणें विवाह होतांच पूर्वीचें मृत्युपत्र आपोआप रद्द होई. मुलींना सर्वस्व देणारा कागद त्या लग्नानेंच निकामी केला. नवा करण्यापूर्वीं बाप गेला. आणि मुली अनौरस असल्यामुळें मिळकत वैर धरून बसलेल्या चुलत्याकडे गेली. लग्न केलें नसतें तर मुलींचें ऐश्वर्य कायम राहिलें असतें. घरांत धर्म आला आणि लेंकी उघड्यावर पडल्या!

आपल्या वाचकांस हा पेंच प्रथम अतिरंजित वाटण्याचा संभव आहे, कारण हिंदूंचें मृत्युपत्र विवाहानें रद्द होत नाहीं, ही गोष्ट १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानेंही मान्य केली आहे. पण कॉलिन्सनें येथें पदरचें कांहीं घातलेलें नाहीं. तो स्वतः कायदा शिकलेला होता, १८५१ सालीं त्याला बॅरिस्टरीची सनद मिळाली होती. १९२६ सालीं इंग्लंडांत आईबापांच्या नंतरच्या विवाहानें मुलांना औरसत्व देणारा कायदा झाला, तरी जन्मसमयीं आईबापांपैकीं कोणाचें अन्यत्र लग्न झालेलें असल्यास ती सवलत नव्हती. ती अट १९५९ सालीं गेली. म्हणजे व्हॅनस्टोनच्या मुलींना न्याय मिळण्यास ही कादंबरी निघाल्यापासून जवळजवळ शंभर वर्षें लागलीं असतीं.

इतका जळजळीत विषय हातीं असतां लेखकानें काय केलें? प्रारंभीं तर फारच चांगलें केलें. रहस्य शेवटपर्यंत झांकून ठेवण्याचा आपला ठराविक मार्ग त्यानें मुद्दाम सोडला. गुपित लवकरच उघडें पडतें, आणि पुढें काय होणार यापेक्षां ही मुलगी काय करणार, याची ओढ लागते. नोरा शांतपणें नशीब पत्करून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवूं लागते. मॅग्डालेन मात्र पेटून उठते. नाटकांत काम करण्याचें तिचें कौशल्य हेंच तिचें हत्यार. कॅप्टन रॅग या गोडबोल्या भामट्याला हाताशीं धरून, चुलत्याच्या पश्चात् मिळकत बळकावून बसलेल्या त्याच्या मुलाला, नोएलला, खोट्या नांवानें लग्नाच्या जाळ्यांत ओढण्याचा ती बेत करते. आल्डबरोच्या समुद्रकांठीं रॅग आणि नोएलची कावेबाज घरकारभारीण मिसेस लेकाउंट यांचे जे डाव-प्रतिडाव चालतात, ते वाचतांना बुद्धिबळाच्या पटाची आठवण होते.

आणि त्याच ठिकाणीं या कादंबरीचें सर्वोत्तम प्रकरण आहे. लग्न जवळ आलें आहे. मॅग्डालेन अफूच्या अर्काची बाटली घेऊन पहांटे खिडकीशीं बसते. अर्ध्या तासांत समोरून जाणारीं गलबतें सम संख्येचीं भरलीं तर जगायचें, विषम भरलीं तर मरायचें, असा ती स्वतःशीं पण लावते. येथें ना योगायोगाचा गोंगाट आहे, ना भाषेचा थाट. आपण कोणत्या चिखलांत उतरत आहों हें पुरतें जाणणारी एक मुलगी शिडें मोजीत बसते, एवढेंच! या एका प्रकरणासाठीं सारी कादंबरी वाचावी.

परंतु येथून पुढें कथेचा उतार सुरू होतो. खरा प्रतिपक्षी म्हणजे कठोर चुलता, तो आधींच मेलेला. उरला तो भित्रा, कवडीचुंबक, हृदयरोगी नोएल. अशा दुबळ्याविरुद्ध एवढी सामग्री उभारली म्हणजे लढाईला शिकारीचें रूप येतें. तो मरतो, पण बायकोचें खरें नांव कळल्यावर नवें मृत्युपत्र व त्यासोबत एक गुप्त पत्र मागें ठेवून. तें पत्र मिळवण्यासाठीं मॅग्डालेन एका वृद्ध ॲडमिरलच्या घरीं मोलकरीण होते, आणि फसते. पुढें ती लंडनच्या एका दरिद्री वस्तींत मरणोन्मुख पडली असतां, तिला पूर्वीं एकदां पाहून मोहित झालेला कॅप्टन कर्क नेमका तेथें येतो. आणि ज्या पत्रासाठीं हिनें जीव पणाला लावला तें नोराच्या हातीं सहज लागतें. कारण नोरानें तेवढ्यांत मिळकतीच्या नव्या वारसाशींच लग्न केलेलें असतें!

सहनशीलतेचें फळ गोड, हा बोध घरोघरीं सांगतात, त्याला माझा आक्षेप नाहीं. आक्षेप हा कीं कादंबरीनें विचारलेला प्रश्न निराळाच होता. निरपराध मुलींना कायद्यानें निर्नाम कां करावें, हा तो प्रश्न. आणि ‘एका बहिणीला चांगला नवरा मिळाला’ हें त्याचें उत्तर होत नाहीं. आपल्याकडील भाऊबंदकीच्या कित्येक कथांतही हीच पळवाट दिसते : तंटा दिवाणी, निकाल मात्र लग्नमंडपांत.

यावर कोणी म्हणतील कीं त्या काळच्या वाचकांना याहून निराळा शेवट मानवला नसता. तें बरेंच खरें आहे. मॅग्डालेन आपला सारा पूर्वेतिहास कर्कपुढें मांडते व तो तिला स्वीकारतो, एवढें धाडसही तेव्हां लहान नव्हतें. पण तिला पश्चात्ताप जर तिच्याच विवेकानें झाला असता, ज्वरानें आणि योगायोगानें नव्हे, तर नीतीही राखली गेली असती आणि कलाही.

हळहळ वाटते ती आणखी एका कारणानें. कॉलिन्सनें स्वतः कधीं लग्न केलें नाहीं; पुढें एका स्त्रीपासून त्याला तीन मुलें झालीं, आणि १८८९ सालीं तो वारला तेव्हां त्यानें मृत्युपत्रांत त्यांची उघड तरतूद करून ठेवली होती. आयुष्याच्या अखेरीस कायद्याच्या कागदावर त्याला जें धैर्य झालें, तें भर उमेदींत कादंबरीच्या कागदावर झालें नाहीं. खिडकींत गलबतें मोजणाऱ्या त्या मुलीचें हें देणें तिच्या निर्मात्याकडे राहूनच गेलें.