‘नांदेडात राहूनही’ : शहरांच्या नावलौकिकाविषयी



विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं की जगातल्या मोठ्या शहरांची चर्चा किनवटात बसून कशाला करायची? आमचं म्हणणं असं, की ती इथंच करायला हवी. किनवट हे असं गाव आहे की ज्याच्यावर एकापेक्षा एक मोठ्या गावांच्या सावल्या थरावर थर पडल्या आहेत. इथला मुलगा पुण्याला गेला की ‘मी नांदेडचा’ म्हणतो, कारण किनवट म्हटलं की पुढं तीन वाक्यं समजावत बसावं लागतं. नांदेडचा माणूस दिल्लीत ‘औरंगाबादच्या पुढं’ म्हणतो. आता तिथं संभाजीनगर म्हणायचं, म्हणजे नवं नावही समजावून सांगावं लागतं. आणि परदेशात गेलो की आपण सगळेच ‘मुंबईजवळ’ राहतो. सातशे किलोमीटरचं जवळ! यात कुणी खोटं बोलत नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जो नकाशा आहे, त्यावर जी टाचणी आधीच टोचलेली आहे, तिच्याजवळ आपण आपलं घर नेऊन ठेवतो. ही टाचणी मुंबईवरच का टोचली गेली आणि आपल्यावर का नाही, हा आजचा प्रश्न.

यावर आपल्याकडं दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, त्या गावच्या मातीतच काहीतरी आहे. कष्टाळू लोक, मोकळं वातावरण, दर्जा. दुसरं, आपल्यावर अन्याय झाला, सत्ता आपल्या हातात नव्हती. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे. १९८४चा दांडेकर समितीचा अहवाल आणि त्यातला अनुशेष आपल्याला तोंडपाठ आहे. पण मग हेही बघा: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण, असे चार मुख्यमंत्री मराठवाड्यानं दिले, आणि त्यातले दोन तर आपल्याच जिल्ह्याचे. गावाकडं धरणं आली, रस्ते आले, हे नाकारायचं कारण नाही. पण सत्ता हाती आली की माणूस मुंबईला राहायला जातो आणि त्याच्या तोंडची बातमी मुंबईच्या नावानं छापून येते. म्हणजे सत्ता मिळाली की नाव आपोआप मिळतं, असं काही दिसत नाही.

मातीचं उत्तर तर इतिहासापुढं टिकतच नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं समुद्रव्यापाराची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणतात तिला. त्यात मुंबई नाही, पुणे नाही. पण पैठण आहे आणि तेर आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तगरहून कापड, गाड्यांमध्ये लादून भडोचला जायचं. अलेक्झांड्रियाच्या बाजारात बसलेल्या माणसाला मराठवाडा ठाऊक होता. माती तीच होती की!

१९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. घडण भारतीय. तशाच जातीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या, म्हणून ती दख्खनमधली असावी असं काही अभ्यासक मानतात. पण जगभर तिचं नाव काय, तर ‘पॉम्पेई लक्ष्मी’. वस्तू कुठंही घडो, जिथं ती सापडली, मांडली गेली, जिथं तिच्यावर लिहिलं गेलं, त्या गावाचं नाव तिला चिकटलं. नावलौकिकाचं सगळं तंत्र आम्हाला त्या एका मूर्तीत दिसतं.

इतकं लांब तरी कशाला जायचं? माहूर घ्या. पंधराव्या शतकात महमूद गवाननं बहमनी राज्याच्या प्रांतांची फेररचना केली, तेव्हा वऱ्हाडाचे दोन भाग पाडले: एक गाविलगडाचा, दुसरा माहूरचा. पुढं अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचा एक सरकार, म्हणजे जिल्हा म्हणा हवं तर, माहूर आहे. आज माहूर तालुक्याचं गाव आहे, तेही अलीकडं किनवटमधून वेगळं काढलेलं. मुंबई त्या वेळी सात बेटं होती. १६६८मध्ये इंग्लंडच्या राजानं ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली!

मग त्या बेटांचं काय झालं? सुरुवातीला फारसं काही नाही. पश्चिम किनाऱ्यावर नाव होतं ते सुरतेचं. कंपनीनं १६८७मध्ये मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं, तरी सुरतेचं नाव लगेच पुसलं गेलं नाही. पारडं फिरलं ते एकोणिसाव्या शतकात. १८५३ला रेल्वे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी, म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा आणि तो मुंबईतून जाऊ लागला. १८६३ला बोरघाटातून गाडी वर चढली. १८६९ला सुएझचा कालवा. कापूस पिकत होता वऱ्हाडात, खानदेशात, आपल्याकडं. त्याचा भाव मात्र मुंबईत फुटायचा. आणि जिथं भाव फुटतो तिथं पेढीवाला लागतो, वकील लागतो, विमेवाला लागतो, तार कचेरी लागते, बातमीदार लागतो. बातमीदाराच्या पाठोपाठ छापखाना, नाटक, सिनेमा. मुंबईला नाव मिळालं ते या उतारपेठेमुळं. मालाला, कागदाला आणि माणसालाही तिथं थांबून हात बदलावा लागत होता.

सुरतेचं आजचं उदाहरण फार बोलकं आहे. जगात पैलू पाडले जाणारे बहुतेक हिरे सुरतेत तयार होतात. घासणारे हात तिथं. पण हिऱ्यांचं शहर म्हटलं की जगाला आठवतं अँटवर्प, आणि देशात मुंबई, कारण सौदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारात. सुरतेनं २०२३मध्ये स्वतःचा प्रचंड हिरे बाजार उभारला. व्यापारी मात्र मुंबई सोडायला सहजी तयार होईनात. इमारत बांधता येते, सवय बांधता येत नाही.

अभ्यासकांनी या गोष्टीला मोजमापही दिलंय. सास्किया सॅसन यांनी १९९१मध्ये न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियोवर ‘द ग्लोबल सिटी’ हे पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातला एक गट शहरांना अल्फा, बीटा, गॅमा अशा श्रेण्या देतो. त्यात मुंबई अल्फात, पुणे बरंच खाली. पण हे मोजतात काय? हिशेबतपासणी, जाहिरात, वित्त, कायदा, सल्लागारी असल्या मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या कुठं आहेत आणि एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत, एवढंच. मापन म्हणून ते प्रामाणिक आहे, आमची त्याला हरकत नाही. हरकत आहे ती वर्तमानपत्रं ही यादी शाळेच्या निकालासारखी छापतात त्याला. अल्फा म्हणजे हुशार, गॅमा म्हणजे काठावर पास! कचेऱ्यांची मोजणी ही शहराच्या लायकीची गुणपत्रिका कशी काय होते?

आणि ही गुणपत्रिका आपल्या भाषेत किती खोल शिरलीय ते ऐका. पुण्याला आपण कौतुकानं ‘पूर्वेचं ऑक्सफर्ड’ म्हणतो, इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’. ऑक्सफर्डमध्ये कुणी स्वतःच्या गावाला ‘पश्चिमेचं पुणे’ म्हणाल्याचं ऐकिवात नाही. कौतुक करतानाच आपण दुसऱ्याची उंची मान्य करून बसतो. याला एक सन्माननीय अपवाद आहे, ‘लातूर पॅटर्न’. तिथं लातूरचं नाव दुसऱ्यांनी उसनं घेतलं. त्या पॅटर्नमध्ये शिक्षण किती आणि घोकंपट्टी किती, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट नरहर कुरुंदकरांच्या बाबतीत दिसते. कुरुंदकर नांदेडला राहिले, पीपल्स कॉलेजात शिकवलं, तिथंच प्राचार्य झाले. त्यांचं म्हणणं सगळा महाराष्ट्र कान देऊन ऐकत होता. १९८२मध्ये ते गेले. आजही त्यांच्यावर बोलताना वक्ता हमखास म्हणतो, ‘नांदेडसारख्या ठिकाणी राहूनही...’ या ‘राहूनही’तला ‘ही’ बघा. पुण्याच्या विद्वानाबद्दल ‘पुण्यात राहूनही’ असं कुणी म्हणतं का? त्या एका अक्षरात असं गृहीत धरलंय की नांदेड हा अडथळा होता आणि माणूस तो ओलांडून गेला. निजामाच्या राज्यातून नुकतं सुटलेलं गाव, तिथली वादांची सवय, उर्दू-मराठी-तेलुगू कानावर एकदम पडणं, स्वामी रामानंद तीर्थांच्या चळवळीतून आलेली माणसं, १९५०मध्ये निघालेलं ते कॉलेज, हे सगळं कुरुंदकरांना घडवणारं होतं, असं का नाही म्हणायचं? आमच्या मते ‘नांदेडात राहूनही’ हे वाक्य ‘नांदेडात राहिल्यामुळं’ असं दुरुस्त करायला हवं. तसं केलं की माणसाची कीर्ती काही अंशी गावाच्या खात्यावर जमा होते. एरवी ती गावाला वगळून थेट पुण्या-मुंबईच्या वहीत चढते.

आता दुसरी बाजू. नकाशा एकच आहे, हे तरी कुणी सांगितलं? कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये किंवा इंग्लंडातल्या साउथॉलमध्ये एखाद्या शीख कुटुंबाला विचारा. संभाजीनगर कदाचित ठाऊक नसेल, पण हजूर साहिब ठाऊक असणारच. गुरू गोविंदसिंगजींचं देहावसान १७०८मध्ये नांदेडला झालं, गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद इथंच मिळालं, आणि पाच तख्तांपैकी एक इथं आहे. २००८च्या गुरुतागद्दी सोहळ्याला जगभरातून माणसं आली. अमृतसरहून थेट सचखंड एक्सप्रेस नांदेडला येते. त्या नकाशावर नांदेडला कुणाची सावली नाही. तसंच माहूरचं. साडेतीन पीठांतलं पूर्ण पीठ असलेल्या गावाला देवीचा भक्त ‘कुठल्या जिल्ह्यात आहे?’ असं विचारत नाही.

लातूरचं नाव जगात गेलं ते मात्र ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. आणि त्यातही सावलीच होती. केंद्र किल्लारीजवळ, आणि उद्ध्वस्त गावांपैकी कितीतरी, उदाहरणार्थ सास्तूर, उस्मानाबाद जिल्ह्यातली. पण भूकंप ‘लातूरचा’. पुढं एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पुन्हा लातूर. चीनमधलं वुहान एक कोटीहून जास्त वस्तीचं शहर, पण बहुतेकांनी ते नाव पहिल्यांदा २०२०मध्ये ऐकलं. भोपाळचं तेच. कचेऱ्या नसलेल्या गावाकडं जगाचा बातमीदार मढं मोजायला तेवढा येतो.

आता हे सगळं नुसत्या मानापमानापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण नावामागं डॉक्टर जातो, गाडी जाते, पैसा जातो. १९५६पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. भाषावार रचनेत किनवट तालुका आणि इस्लापूरचा भाग नांदेडला जोडला. मराठी म्हणून ते योग्यच झालं. पण इथून आदिलाबाद साठेक किलोमीटर आणि नांदेड त्याच्या दुपटीहून लांब, हे अंतर कुठल्या कायद्यानं बदललं नाही. आज पैनगंगेकाठचा आजारी माणूस आदिलाबादला न्यायचा, यवतमाळला न्यायचा की नांदेडला, हा घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो. ‘किनवटलाच’ हे उत्तर त्या यादीत नसतं. चांगला डॉक्टर नाव असलेल्या गावी जातो, आणि डॉक्टर आहेत म्हणून त्या गावाचं नाव वाढतं.

आणि आपण काय करतो? २००९ साली नवं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन्ही शहरं हमरीतुमरीवर आली. सावलीतल्या दोघांची ओसरीवरून भांडणं! किनवटला कुठली कचेरी द्यायची, हे त्या वादात कुणी विचारल्याचं आम्हाला आठवत नाही. किनवट जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि आम्हाला ती रास्त वाटते. पण जिल्हा झाला तर गोंड, कोलाम, आंध वस्त्यांतला आणि बंजारा तांड्यांवरचा माणूस पुण्यात ‘मी किनवटचा’ म्हणेल आणि त्याच्या पाड्याचं नाव तिथंच गिळलं जाईल. जिल्हा मागणाऱ्या निवेदनांत त्या पाड्यांची नावं किती येतात, हे एकदा उघडून बघा. निवेदनांच्या प्रती इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी असतील.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेपासून सुरू करा.