घागरीपाशी ठरलेला धर्म

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण घरोघर हसत हसत वाचतो. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा तापट स्वभाव, नवराबायकोची भांडणे यांत आपण इतके रमतो, की पुस्तकाचे मर्म हातून निसटते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तिथवर पोचायला १९०० साल उजाडले. मधली वर्षे आधी वियोगाची, मग सोवळे सांभाळीत पतीच्या सहवासात राहण्याची. या काळात धर्मग्रंथांचा खल करीत त्या बसल्या नाहीत. त्यांचा खरा झगडा पाण्याच्या घागरीशी होता. परजातीच्या माणसाच्या हातचे पाणी घशाखाली उतरायचे कसे? एके दिवशी ते उतरले, आणि त्यांचे धर्मांतर खरे तेव्हाच झाले. बाप्तिस्मा मागाहून आला. पुढे परक्यांची लेकरे त्यांच्या घरात वाढली. त्यांच्या लेखी ख्रिस्ती होणे म्हणजे एवढेच, आणि हे काही थोडे नव्हे!

एक उणीव मात्र जाणवते. टिळकांच्या मनाची उलघाल त्या बाहेरूनच पाहतात. ते ख्रिस्ताकडे का वळले, हे पुरते उमगत नाही. पण जे स्वतः भोगले तेवढेच सांगायचे, हा त्यांचा बाणा. त्या प्रांजळपणाची ही किंमत आहे आणि ती मोजावी अशीच आहे.

या दिवाळीत आपल्या फराळाचे ताट कोणाच्या दारी जात नाही, ते मनाशी आठवावे; आणि मग हे पुस्तक पुन्हा उघडावे.