भटकंडीचे हसू आणि लांज्याचा दवाखाना
(‘ग्राम चिकित्सालय’ आणि तिचा कोकणातला प्रेक्षक)

‘ग्राम चिकित्सालय’ ही टीव्हीएफची पाच भागांची हिंदी मालिका ९ मे २०२५ रोजी प्राइम व्हिडिओवर आली. त्यानंतर तिच्याविषयी दोन मते सगळीकडे ऐकू येऊ लागली. एक मत असे, की मालिका हलकीफुलकी आहे, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहण्यासारखी आहे. दुसरे असे, की ही ‘पंचायत’चीच दुसरी प्रत आहे, सचिवाच्या जागी डॉक्टर आणला एवढेच, बाकी काही घडत नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण लांज्यात मालिका पाहिलेल्या लोकांशी बोलताना मला तिसरेच मत वारंवार ऐकायला मिळाले. ते तक्रारीच्या सुरात नव्हते, सहज बोलून गेल्यासारखे होते: आपल्याकडे असे नसते. या निबंधाचा विषय हे तिसरे मत आहे. मी काही रीतसर पाहणी केलेली नाही. केवळ ऐकलेल्याचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे.

कथानक थोडक्यात सांगायला हवे. दिल्लीतल्या मोठ्या खासगी रुग्णालयाच्या मालकाचा मुलगा डॉ. प्रभात (अमोल पराशर) भटकंडी नावाच्या खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वेच्छेने रुजू होतो. केंद्राकडे जायला धड वाट नाही, मध्ये शेत आहे. कंपाउंडर आणि वॉर्डबॉय यांना ओस पडलेल्या केंद्राची सवय झालेली आहे. रुग्ण येत नाहीत, कारण गावाचा विश्वास चेतक कुमारवर (विनय पाठक) आहे. हा चेतक कुमार पदवीवाचून गूगलच्या आधारे औषधे देणारा झोलाछाप डॉक्टर आहे. डॉक्टरने पहिला रुग्ण मिळवायचा, हाच मालिकेतला मुख्य पेच.

आपल्या पडद्यावर हा पेच नवा आहे. विजया मेहता यांची ‘लाइफलाइन’ दूरदर्शनवर आली, पुढे ‘संजीवनी’ (२००२) आणि ‘दिल मिल गये’ (२००७) खासगी वाहिनीवर गाजल्या. या सगळ्या शहरातल्या रुग्णालयांच्या कथा होत्या. तिथे रुग्णांची वाण कधीच नसते. रुग्ण आपोआप येतो आणि डॉक्टरांच्या प्रेमकथेला निमित्त पुरवून बरा होऊन जातो. ‘ग्राम चिकित्सालय’ने रिकाम्या बाकाला नाट्याचा विषय केले. काही घडत नाही हा आक्षेप मला म्हणूनच अपुरा वाटतो. रुग्ण नसलेल्या दवाखान्यात काही न घडणे हीच घटना आहे.

मग लांज्याचा प्रेक्षक कशावर अडतो? तो अडतो त्या रिकाम्या बाकावरच. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा तालुका. गावात ग्रामीण रुग्णालय, खेड्यापाड्यांत जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे. डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र, हा शासनाचा निकष. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून निघालेली ही रचना कोकणात पुष्कळ अंशी रुजली. भात लावणीच्या दिवसांत तापाचे, लेप्टोच्या संशयाचे, फुरसे किंवा विंचू चावल्याचे रुग्ण सरकारी दवाखान्याच्याच दारात येतात. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात रांग असते. इथला प्रश्न दवाखान्यात जावे की नाही, असा नसतो. गेल्यावर डॉक्टर भेटेल का, आणि भेटला तर ‘पुढे हलवा’ म्हणेल का, हा असतो. पुढे म्हणजे रत्नागिरी, नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १०८ ची रुग्णवाहिका तर २०१४ पासून आहे. तरी ‘हलवा’ हा शब्द ऐकल्यावर घरातली माणसे आधी गाडीचा आणि मग पैशांचा हिशेब करू लागतात. ते ज्याने अनुभवले आहे, त्याला भटकंडीच्या ओस केंद्राचे हसू येते. पण ते दुसऱ्याच्या गावचे हसू असते.

यावर कोणी म्हणेल, कथा उत्तरेतली आहे, तिने लांज्याचे चित्र का काढावे? बरोबर आहे. दोष मालिकेने उत्तरेतले गाव दाखवले यात नाही. ‘पंचायत’च्या यशानंतर पडद्यावरचे गाव म्हणजे हेच, असे आपण सगळ्यांनी मानून टाकले, यात आहे. आळशी कर्मचारी, भोळे पण बेरकी गावकरी आणि त्यांच्यात येऊन पडलेला शहरी तरुण, एवढी सामग्री असली की ‘गावाचे अस्सल चित्रण’ असे प्रशस्तिपत्र मिळते. त्या साच्यात गाव नेहमी अडाणी असते आणि तरुण नेहमी प्रामाणिक.

या साच्याला मालिका एके ठिकाणी तडा देते, आणि ते ठिकाण चेतक कुमारचे आहे. खोट्या वैद्याला हसण्याची आपली परंपरा जुनी आहे. मोलिएरच्या १६६६ मधल्या प्रहसनावरून हरि नारायण आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ लिहिले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक या माणसाला ओळखतो. पण विनय पाठक त्याला निव्वळ विदूषक होऊ देत नाहीत. त्यांचा चेतक रुग्णाचे ऐकून घेतो, घरची चौकशी करतो, आणि मुख्य म्हणजे हाकेच्या अंतरावर असतो. त्याची औषधे धोक्याची आहेत, यात शंका नाही. तरी गाव त्याच्याकडे अडाणीपणामुळे जात नाही, तो सापडतो म्हणून जाते. प्रभातला हे उमगायला वेळ लागतो. बऱ्याच प्रेक्षकांच्या तर ते ध्यानातही आलेले दिसत नाही. चेतक त्यांना फक्त विनोदी वाटतो.

इथे खरा मुद्दा येतो. मालिका विश्वास हा डॉक्टरच्या सचोटीचा प्रश्न मानते: तो चांगला आहे हे कळले की लोक येतील. कोकणातला अनुभव वेगळे सांगतो. विश्वास हा राहण्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते. बाँडवर आलेला डॉक्टर कितीही भला असला, तरी त्याच्या जाण्याची तारीख गावाला ठाऊक असते. उलट उदाहरण महाडजवळच्या बिरवाडीचे. तिथल्या आरोग्य केंद्रात तरुणपणी आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण पाहिले, त्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निरीक्षणे मांडली आणि पुढे प्राझोसिनचा उपचार रूढ केला. नंतरही ते महाडलाच राहिले. लोकांना विश्वास बसावा म्हणून त्यांनी वेगळे काही करण्याची गरज नव्हती. ते तिथे होते.

भटकंडीत असे राहणारे माणूस कोण? मालिका त्याचे उत्तर शेवटच्या भागात देते. ती आहे इंदू (गरिमा विक्रांत सिंह), केंद्रातली परिचारिका आणि मानसिक आजारी मुलाची आई. चार भाग ती प्रसंगांच्या कडेला उभी असते. पाचव्यात कॅमेरा तिच्या घरात शिरतो आणि हसू थांबते. अनेकांना हा भाग सर्वोत्तम वाटला, काहींना तो आधीच्या भागांशी विसंगत वाटला. मला वाटते, विसंगती त्या भागात नाही, आधीच्या चारांत आहे. डॉक्टर बदलतात, एएनएम, आशा, अंगणवाडीताई तिथेच असतात. लांज्यात कोणाला आरोग्य केंद्राविषयी विचारा, पहिले नाव ‘सिस्टर’चे निघते. कथा इंदूपासून सुरू झाली असती, तर ती तितकीच हलकी राहिली असती, कारण कामावरच्या बायकांकडे विनोदाची वाण नसते. मात्र ते हसू मग आतून आले असते.

‘ग्राम चिकित्सालय’ वाईट मालिका नाही. तिचा अभिनय नेटका आहे, तिची संथ गती तिच्या विषयाला धरून आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हा शब्द तिने घराघरातल्या पडद्यावर आणला. तक्रार इतकीच, की तिने दवाखान्याचे कुलूप उघडणारा माणूस दाखवला आणि रोज सकाळी ते कुलूप उघडत आलेल्या बाईपर्यंत पोचायला चार भाग घेतले. आपल्याकडे असे नसते, हे लांज्याच्या प्रेक्षकाचे मत म्हणूनच स्थानिक अभिमानाचे म्हणून सोडून देता येत नाही. त्यात एक मागणी आहे: आम्हांला हसवा, पण रांगेत उभे राहून हसवा, दारातून डोकावून नको.