विझला की विझला आहे?

शाळेत आपण शिकतो तो नियम असा: क्रिया नुकतीच संपली असेल तर पूर्ण वर्तमानकाळ, मागेच संपली असेल तर साधा भूतकाळ. हा नियम आपल्याला घड्याळ बघायला लावतो. इंग्रजी मात्र बोलणारा कुठे उभा आहे, ते बघते. याचा मला सापडलेला सर्वांत चांगला धडा नेहरूंच्या एका भाषणात आहे. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी, गांधीजींची हत्या झाल्यावर, ते रेडिओवरून इंग्रजीत बोलले.

'द लाइट हॅज गॉन आउट ऑफ अवर लाइव्ज,' ते म्हणाले. तिथे 'वेंट आउट' असतं तर ती एका घटनेची बातमी झाली असती. मग पुढे काय झालं, असं ऐकणाऱ्याने विचारलं असतं. 'हॅज गॉन' म्हटल्यावर दिवा गेलाय आणि आपण अजून त्याच काळोखात बसलोय. म्हणून तर पुढचा अंधार वर्तमानकाळात येतो: अंधार 'आहे'.

मग ते स्वतःचंच वाक्य खोडतात. या देशात तळपलेल्या प्रकाशाला ते 'शोन' हा साधा भूतकाळ लावतात. तो माणूस आता नाही, हे त्या एका क्रियापदात मान्य होतं. पण लगेच 'हॅज इल्युमिन्ड' येतं आणि त्याला धरून 'विल इल्युमिन'. 'शोन'वरून थेट 'विल'वर उडी मारली असती, तर मला ते नुसतं सांत्वन वाटलं असतं. मधल्या 'हॅज'मुळे, आजवर चालत आलेलं पुढे चालणार, असा भरवसा वाटतो.

मराठीत हे आणणं कठीण आहे. 'दिवा विझला' आपल्याकडे दोन्ही कामं करतं. जागचे न हलताही आपण 'आलोच!' म्हणतो. उलट 'मी कालच आलोय' आपल्याला सहज चालतं. इंग्रजीत 'हॅव कम'शेजारी 'यस्टर्डे' बसत नाही. म्हणूनच आपल्या बायोडेटात 'आय हॅव कम्प्लिटेड माय डिग्री इन २०१९' असं वाक्य येतं. साल लिहिलंत की 'कम्प्लिटेड' पुरे. 'हॅव' ठेवायचं असेल तर साल काढा.

नियम पुन्हा पाठ करण्याआधी ते छोटं भाषण वाचा. फक्त क्रियापदांखाली रेघ मारत जा.