निसर्गछायाचित्राची समीक्षा : राजशेखराचा भावक आणि वऱ्हाडचे सपाट क्षितिज

मराठीत साहित्यसमीक्षेची परंपरा दीर्घ आहे. चित्रकलेविषयीही बऱ्यापैकी विचार झालेला आहे. छायाचित्राच्या, त्यातही निसर्गछायाचित्राच्या वाट्याला मात्र अभिप्राय म्हणून बहुधा दोनच गोष्टी येतात. एक तर 'छान आले आहे' हा उद्गार, नाही तर तंत्रदोषांची यादी. महाविद्यालयांतून छायाचित्रांची प्रदर्शने व स्पर्धा भरतात, परीक्षक म्हणून आपल्यापैकी अनेकांना पाचारण होते आणि आपण भाषेचे, भूगोलाचे किंवा वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असूनही गुणांकन करून मोकळे होतो. विद्यार्थ्याच्या हाती उरतो तो केवळ एक आकडा. निसर्गछायाचित्रावर अभिप्राय कसा द्यावा आणि तो कसा घ्यावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो वऱ्हाडशी नाते सांगणाऱ्या एका जुन्या ग्रंथाचा.

राजशेखराची 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ इ.स.च्या दहाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातील. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह या ग्रंथात विदर्भातील वत्सगुल्म नगरीत होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. आपल्याकडील चर्चासत्रांत या विवाहाचा उल्लेख अभिमानाने होतो; ग्रंथातील समीक्षकविषयक विचार मात्र क्वचितच पुढे येतो. राजशेखर प्रतिभेचे दोन प्रकार मानतो : निर्माण करणाऱ्याची कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची भावयित्री. भावक, म्हणजे रसिक समीक्षक, चार प्रकारचे असतात असेही तो सांगतो. काहीच न रुचणारा तो अरोचकी. गवतासकट सर्व गिळणारा तो सतृणाभ्यवहारी. दुसऱ्याचे गुण दिसूनही न पाहिल्यासारखे करणारा तो मत्सरी. तत्त्वापर्यंत पोहोचणारा तत्त्वाभिनिवेशी हा चौथा, आणि तो हजारांत एखादाच.

हे वर्गीकरण काव्यासाठी केलेले असले तरी छायाचित्रांच्या प्रदर्शनात चारही भावक आजही भेटतात. सतृणाभ्यवहारी सर्वांत लोकप्रिय, कारण त्याच्यामुळे कोणाचेच मन दुखावत नाही. मत्सरी बहुधा स्वतः छायाचित्रकार असतो. तो चित्रासमोर उभा राहून कॅमेरा कोणता, भिंग केवढ्याचे एवढेच विचारतो. परंतु आपणा अध्यापकांना खरा धोका आहे तो अरोचकीपणाचा. हा अरोचकीपणा दोन प्रकारचा असतो, हे राजशेखराचे निरीक्षण येथे फार महत्त्वाचे वाटते. एक स्वभावगत; कथिलाचा काळेपणा जसा शंभर संस्कारांनीही जात नाही तसा तोही जात नाही. दुसरा ज्ञानातून आलेला. त्याला एखादी खरोखर विशेष कृती भेटली की तो रुची दाखवू शकतो. निसर्गछायाचित्राच्या बाबतीत आपण या दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि ज्या ज्ञानातून आपली अरुची आली ते ज्ञानही बरेचसे उसने आहे.

याचे एक उदाहरण स्वतःच्याच चुकीचे देतो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका विद्यार्थ्याने पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातले, ऐन मे महिन्यातले छायाचित्र मांडले होते. चौकटीचा खालचा अर्धा भाग भेगाळलेल्या काळ्या जमिनीने व्यापलेला, वरचा अर्धा भाग जवळजवळ पांढरे आकाश, डावीकडे धुऱ्यावर एक बाभूळ आणि क्षितिजावर एक पुसट निळसर रेघ. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या : क्षितिज बरोबर मध्यभागी आले आहे, आकाश जळाले आहे आणि चित्राला विषय नाही. त्याने मान डोलावली. पुढील वर्षी तो चिखलदऱ्याच्या धुक्याचे चित्र घेऊन आला. समोर काळसर कडा, मागे विरत गेलेल्या डोंगररांगा, क्षितिज वरच्या तृतीयांशावर. त्या चित्राला मी भरपूर गुण दिले. चित्र वाईट नव्हते. पण तसली चित्रे त्या दिवशी त्याच भिंतीवर आणखी किती तरी होती. खारपाणपट्ट्याचे मात्र एकही नव्हते.

माझ्या तिन्ही आक्षेपांची आता स्वतंत्रपणे तपासणी केली पाहिजे. क्षितिज मध्यावर नसावे, ते चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या तृतीयांशावर असावे, हा संकेत आज प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर जाळीच्या रूपाने कोरलेला आहे. या नियमाला 'तृतीयांशाचा नियम' हे नाव देऊन तो मांडला तो जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ च्या एका पुस्तकात, आणि त्या पुस्तकाचा विषय होता इंग्लंडमधील ग्रामीण दृश्ये. झाडी, झोपड्या, उंचसखल कुरणे, ढगांनी भरलेले आकाश अशा प्रदेशात चौकटीची विभागणी कशी करावी, याचे ते मार्गदर्शन होते. नियम निरुपयोगी आहे असे नव्हे. पण दर्यापूर-मूर्तिजापूर परिसरात उन्हाळ्यात उभे राहिल्यावर जमीन आणि आकाश यांपैकी कोणी कोणाला शरण जात नाही, असाच अनुभव येतो. हे समबल दाखवायचे असेल तर क्षितिज मध्यावर येणे हा दोष कसा? तो दोष ठरेल की नाही, हे चित्र काय करू पाहते यावर अवलंबून आहे, आणि ते मी विचारलेच नव्हते.

आकाशाचेही तसेच. ते 'जळाले' आहे, म्हणजे अतिप्रकाशामुळे त्यातील तपशील कॅमेऱ्याने गमावला आहे, असे म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मूळ प्रतिमेच्या त्या भागात छटांचा काही फरक शिल्लक आहे का? चित्र किती वाजता घेतले? वऱ्हाडात मे महिन्यात दुपारी धूळ आणि उष्मा यांमुळे आकाश निळे नसतेच. ते पांढुरके, काहीसे राखी असते. ज्याला निळे आकाशच खरे आकाश वाटते तो या पांढरेपणाला तंत्रदोष म्हणेल, आणि त्याच्या सल्ल्याने विद्यार्थी संगणकावर निळा रंग चढवील. म्हणजे जो दोष नव्हता तो काढण्याच्या नादात खरा दोष चित्रात शिरेल.

'विषय नाही' हा आक्षेप सर्वांत घातक, कारण तो चित्रावर नसून प्रदेशावर आहे. १८२३ या एकाच वर्षी चिखलदरा आणि लोणार ही दोन्ही ठिकाणे इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींत आली, असे सांगितले जाते. योगायोग असेल; पण वऱ्हाडात 'पाहण्यासारखे' काय, याची यादी तेव्हापासून फारशी लांबलेली नाही. दरी, कडा, तलाव, किल्ला. पऱ्हाटीचे सपाट वावर या यादीत बसत नाही. परीक्षकांनी ती यादी मनात ठेवूनच चित्रे पाहिली, तर विद्यार्थी आपल्या गावाची शीव ओलांडल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढणार नाहीत. सपाट प्रदेश टिपणे अवघड आहे, हेही मान्य केले पाहिजे. उंच जागा मिळत नाही. रुंद कोनाच्या भिंगाने उत्तरेकडची गाविलगडची रांग दोऱ्याएवढी होते, लांब पल्ल्याच्या भिंगाने ती शेताच्या डोक्यावर येऊन बसते. या दोहोंपैकी कोणता पर्याय छायाचित्रकाराने का निवडला, यावर बोलणे ही खरी समीक्षा. मी रेघेकडे दुर्लक्ष केले होते.

स्थळाचे ज्ञान नसल्यास अभिप्राय कसा फसू शकतो, याचे ठळक उदाहरण आपल्या विभागातच २०२० मध्ये घडले. त्या वर्षी जून महिन्यात बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली. हा रंग संगणकावर चढवलेला आहे, असे दूरच्या कोणाही प्रेक्षकाला वाटावे इतका तो अवास्तव होता. वनविभागाने नमुने घेतले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे निष्पन्न झाले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली की या जीवांना अनुकूल स्थिती मिळते. येथे 'रंग भडक आहे' हा अभिप्राय तंत्राच्या भाषेत योग्य आणि वस्तुतः चुकीचा ठरला असता. उलटही घडू शकते. खऱ्या गुलाबी पाण्यावर आणखी गुलाबी रंग चढवणारा छायाचित्रकार असू शकतो, आणि त्याला ओळखण्यासाठीही काठावरची झाडी, माती व दगड यांचे रंग मूळचे कसे असतात हे माहीत असावे लागते.

यावर सौंदर्यशास्त्राच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य संवेदनांच्या परस्परसंबंधांत, संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत पाहिले. त्या भूमिकेवरून म्हणता येईल की आकाश मे महिन्याचे आहे की आषाढातले, याच्याशी प्रेक्षकाला काय कर्तव्य? चौकटीत पांढऱ्याचे काळ्याशी नाते जुळले की नाही, एवढेच पाहावे. ही शिस्त मला उपयुक्त वाटते. उपरोक्त चित्रात विरोधलय किती ठामपणे उभी होती हे तिच्यामुळेच शब्दांत मांडता येते. पण छायाचित्र ही कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष असलेल्या जागेची खूण आहे. चित्रकार बाभूळ उचलून उजवीकडे ठेवू शकतो. छायाचित्रकाराला स्वतःच चालत जावे लागते. त्यामुळे केवळ रचनेवर थांबणारा अभिप्राय या माध्यमापुरता अपुरा राहतो, असे माझे मत आहे. मर्ढेकरवादी मित्रांना ते पटणार नाही.

अभिप्राय देण्याचा क्रम काय असावा, याविषयी पाश्चात्त्य कलाशिक्षणात पुष्कळ विचार झालेला आहे. एडमंड फेल्डमन यांनी वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णयन आणि शेवटी मूल्यमापन असा क्रम सुचवला. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांच्या पद्धतीत प्रेक्षकाने मत देण्यापूर्वी कलावंताची परवानगी मागायची असते, आणि कलावंतालाही आधी प्रश्न विचारता येतात. परवानगीचा हा उपचार आपल्या वर्गात थोडा कृत्रिम वाटेल. विद्यार्थी 'नको' म्हणणार कसा? वर्णनाची पायरी मात्र सोडू नये. समोर काय दिसते ते चार वाक्यांत सांगायचे ठरवले असते, तर त्या निळसर रेघेशी मला थांबावेच लागले असते.

अभिप्राय घेणाऱ्याच्या बाजूविषयी राजशेखरच पुन्हा मदतीला येतो. त्याने कवीच्या दिवसाचे चार प्रहर पाडले आहेत. आधी रचलेले काव्य चौथ्या प्रहरी पुन्हा तपासावे, असे तो सांगतो, कारण रसावेशात रचना करणाऱ्याची दृष्टी त्या वेळी विवेकी नसते. आपल्या कृतीला फार मानू नये, पक्षपातामुळे गुणदोष उलटे दिसतात. आणि इतरांकडूनही परीक्षण करवून घ्यावे, कारण तटस्थाला दिसते ते कर्त्याला दिसत नाही, असेही त्याचे म्हणणे आहे. निसर्गछायाचित्रकाराला हे अधिकच लागू पडते. पहाटे तीनला निघून, थंडीत कुडकुडत नरनाळ्यावर पोहोचलेल्याला त्या श्रमांची किंमत चित्रात दिसत असते. ती प्रेक्षकाला दिसत नाही आणि दिसू नये. म्हणून चित्रासमोर उभे राहून 'किती कष्टाने काढले' हे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला थांबवावे लागते. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये टिपलेल्या हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाच्या प्रती पुढे अनेक वर्षे नव्याने काढल्या आणि नंतरच्या प्रतींत आकाश अधिकाधिक काळे होत गेले. त्यांचा चौथा प्रहर असा दशके चालला होता.

घेणाऱ्याने सर्वच अभिप्राय मान्य करावेत, असे मात्र राजशेखर कोठेही म्हणत नाही. माझ्या विद्यार्थ्याने मला एवढे जरी विचारले असते की, 'सर, त्या दुपारी आकाश निळे असते का?', तरी माझा आक्षेप तेथेच गळून पडला असता. त्याने विचारले नाही, यात त्याच्या स्वभावापेक्षा आमच्यातील अंतराचा भाग अधिक. गुण ज्याच्या हातात आहेत त्याला प्रतिप्रश्न करण्याची सवय आपण वर्गात लावलेली नाही.

गेल्या खेपेस आम्ही परीक्षणाच्या तक्त्यात रचना, तंत्र आणि परिणाम या रकान्यांच्या आधी वर्णनासाठी अर्धे पान कोरे ठेवले, आणि प्रत्येक स्पर्धकाला परीक्षकास एक प्रश्न लेखी विचारण्याची मुभा दिली. साठ चित्रांना दोन दुपारी लागल्या. सहपरीक्षकांपैकी एकाने मानधन दुप्पट करावे, असे अर्धवट गंमतीने सुचवले. लेखी प्रश्न आले ते नऊ, त्यांपैकी सहा कोणता मोबाइल घ्यावा याविषयीचे. उरलेल्या तिघांपैकी एकीने तिच्या तुरीच्या शेताच्या चित्राखाली विचारले होते की, विजेचा खांब काढून टाकायला आपण का सांगता, तो तेथे आहे ना? त्या प्रश्नावर आम्ही परीक्षक पाऊण तास बोललो आणि एकमत झाले नाही.