दुसरा होकार कोणाचा?

माणूस आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या सहकार्याचे नमुनेदार उदाहरण म्हणून ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या व्यासपीठाकडे बोट दाखवले जाते. २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते जन्मले. २०२३ मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था झाले. छायाचित्रावरून यंत्राने प्रजाती सुचवण्याची सोय २०१७ पासूनची.

तारीख, ठिकाण वगैरे अटी पुऱ्या असतील आणि प्रजातीबाबत किमान दोघांचे एकमत असेल, तर नोंद ‘संशोधनयोग्य’ ठरते. माझा आक्षेप इथेच आहे. यंत्राची सूचना उचलून दिलेले मत आणि भिंगाखाली पाहून दिलेले मत, दोन्हींचे वजन सारखेच. दोघांनीही यंत्राचेच ऐकले, तर मोजणीत मते दोन, प्रत्यक्षात एकच! शिवाय अशा नोंदींवरही यंत्र पुढचे धडे गिरवते.

कास पठारावरचा गेंद घ्या. त्याच्या अनेक प्रजातींचे पांढरे गोंडे छायाचित्रात सारखेच दिसतात. खात्रीसाठी बियांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. वनस्पतिशास्त्राची पदवी नसलेल्या मीही अशा छायाचित्राखाली ‘सहमत’ दाबले आहे. कारण विचारले असते, तर निरुत्तर झालो असतो.

यंत्राच्या सूचनेवर व्यासपीठ खूण दाखवते, हा प्रामाणिकपणा मान्य. पण मोजणीत ती खूण गळते. दुसऱ्या होकारासोबत ‘कोणते लक्षण पाहिले?’ एवढे तरी विचारावे. संशोधनयोग्य नोंदी कमी होतील, हे खरे. पण उरतील त्यांच्यामागे पाहणारा माणूस असेल.