कस्तुरीची हवेली आणि सामाईक भिंत

मराठी वाङ्मयात जुन्या घरांची वाण नाही. वाडा आहे, चाळ आहे, कोकणातले कौलारू घर आहे. परंतु शहराच्या मध्यभागी असलेली जुनी वस्ती, जिथे वाड्याला वाडा खेटून उभा आहे आणि एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या ओट्यावर पडतात, तिथले राहणे आमच्या लेखकांनी क्वचितच मन लावून लिहिले आहे. ही उणीव किरकोळ नाही, असे आमचे मत आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव डोळ्यांसमोर ठेवून ती तपासून पाहू.

कारंजा लाड हे चार वेशींचे गाव. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस ही त्या वेशींची नावे. गावाबाहेर पडणारा रस्ता कोठे जातो, हे नावच सांगते. ‘गुरुचरित्रा’ने श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून हे गाव घरोघर पोहोचवले. जैनांच्या बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची पीठे येथे होती. त्यांच्या ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत झाली, आणि पुढे ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून अपभ्रंश भाषेतील काव्ये छापली गेली. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली, तीही येथेच. धर्म, विद्या आणि व्यापार एका वेशीच्या आत नांदले, असे हे गाव.

अशा गावाने स्वतःविषयी कोणती कथा जपली? कस्तुरीच्या हवेलीची. आख्यायिका अशी की, एक व्यापारी कस्तुरी विकण्यासाठी उंटांवर लादून घेऊन आला. एवढा माल कोण घेणार, अशी शंका त्याला पडली. तेव्हा येथील एका सावकाराने तो सगळाच्या सगळा विकत घेतला आणि बांधकाम चालू असलेल्या आपल्या हवेलीच्या चुन्यात कालवला. कथा म्हणून ती उत्तम आहे. अतिशयोक्ती आहे, पण तिच्यात गावाचा स्वाभिमान बोलतो. तरीही समीक्षकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या चुन्याची घाणी फिरवणारा कोण होता? ती भिंत पुढे पिढ्यान्‌पिढ्या कोणी सारवली, कोणी डागडुजीला धरली? आख्यायिका भिंत उभी राहताच संपते. राहणे तर त्यानंतर सुरू होते.

वैभवाची ही दृष्टी एका टोकाची. दुसऱ्या टोकाला शोकाची दृष्टी आहे, आणि तिचा श्रेष्ठ आविष्कार म्हणजे महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’. एलकुंचवार शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचे. १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने वऱ्हाडी वाड्याला मराठी मनात कायमची जागा मिळवून दिली. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, शिकायचे राहून गेलेली प्रभा, दागिने घेऊन पळून जाणारी रंजू, यांतून धरणगावच्या देशपांड्यांचे घर आतून कसे पोखरले गेले ते दिसते. नाटककाराने कोणाचीही बाजू घेतलेली नाही, हे त्याचे मोठेपण. मात्र या नाटकाचा सारा भार एका कुळावर आहे. वाडा खचतो तेव्हा शेजारच्या घराचे काय होते, हा त्याचा विषय नाही, आणि तो असावा असा आमचा आग्रहही नाही. परंतु या नाटकाच्या प्रभावाखाली आपण प्रत्येक जुने घर म्हणजे एका कुटुंबाची शोकांतिका, असे मानू लागलो, हे मात्र खरे.

शेजार हवा असेल तर पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’कडे (१९५८) वळावे लागते. तिथे भांडणे आहेत, भ्रमणमंडळ आहे, एकाच्या उपासात साऱ्या चाळीचे लक्ष आहे. आणि शेवटच्या चिंतनात हसू ओसरून हुरहूर उरते. परंतु चाळ ही भाडेकऱ्यांची. तिला आठवणी आहेत, वंशपरंपरा नाही. थोडक्यात, वाड्याच्या वाङ्मयात इतिहास आहे पण शेजार नाही. चाळीच्या वाङ्मयात शेजार आहे पण इतिहासाचे ओझे नाही. जुन्या वस्तीत राहणाऱ्याच्या वाट्याला मात्र दोन्ही येतात, आणि तेही एकाच भिंतीत.

ती भिंत सामाईक असते. एका घराचे वारस चौघे, चौघे चार शहरांत. वाटणीचा दावा चालू, म्हणून डागडुजी बंद. धाब्यावर पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकायला कोणी नाही. मग एके वर्षी छत बसते, आणि आजवर आतली असलेली भिंत शेजाऱ्याच्या बाजूने उघडी पडून पावसात भिजू लागते. वैशाखात त्याच जाड भिंतीने त्याला गारवा दिलेला असतो. बोळ अरुंद, म्हणून आजाऱ्याला खाटेवरून नाक्यापर्यंत न्यावे लागते. पण त्या खाटेला चार खांदे न बोलावता मिळतात, तेही बोळ अरुंद म्हणूनच. सोय आणि अडचण यांची अशी गाठ जुन्या वस्तीतच पडते. ती सोडवून केवळ गोडवे गाणारा किंवा केवळ गळा काढणारा लेखक अर्धेच सांगतो.

आमच्या वाचकांना हे परके वाटू नये. मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीत आपल्याच समाजाची लाकडी सज्ज्यांची घरे एकामागून एक पडली आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या घरांची छायाचित्रे काढायला पुष्कळ लोक येतात. तिथे पाणी कसे भरतात, जिन्याची पायरी कोण बदलतो, धाकट्या सुनेला एकांत कोठे मिळतो, हे विचारणारे थोडे. ‘माझा शेजारी कोण?’ हा शुभवर्तमानातील प्रश्न आपल्याला पाठ आहे. वाङ्मयालाही तो विचारता येतो.

कारंज्याच्या पोथ्या टिकल्या त्या कुलूप भक्कम होते म्हणून नव्हे. त्यांना ऊन दाखवणारी, त्यांची बासने बदलणारी माणसे जवळ होती म्हणून. वस्तीचेही तसेच आहे. जुन्या वस्तीचे खरे पुस्तक लिहिले जाईल तेव्हा ते कस्तुरीच्या वासाने सुरू होणार नाही आणि पडक्या चिऱ्यांवर संपणारही नाही. सामाईक भिंतीचा खर्च दोन शेजाऱ्यांनी कसा वाटून घेतला, याचा हिशेब त्यात असेल. तो लिहिण्याचा अधिकार त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांचा आहे. त्यांनी तो लवकर बजावावा. कारण भिंती फार वाट पाहत नाहीत.